बहात्तर वर्षांच्या मुलाची आई

मार्च महिन्यातील मंगळवारची सकाळ होती. ओटावा शहरातील एका जुन्या तिमजली इमारतीत, स्वयंपाकघराच्या जमिनीवर पुठ्ठा अंथरून, जीला नावाची चोवीस वर्षांची तरुणी सील या सागरी प्राण्याचे कातडे कापीत बसली होती. तिची आतेबहीण मीका रुग्णालयाच्या धुलाईघरातील रात्रपाळी संपवून परतली आणि अंगावरील कोट न काढताच चहाच्या किटलीकडे वळली.

"परत हा पसारा? अगं, कॉलेजात पोरं सांभाळायला शिकतेस की कातडी कापायला?"

"बाळाचे हातमोजे आहेत, ताई. मागच्या वर्षीचे फाटले म्हणतो."

"फाटतील नाहीतर काय! बहात्तर वर्षांचं बाळ तुझं, दिवसभर माशांसाठी बर्फाला भोकं पाडत बसतं."

दोघी मनमुराद हसल्या.

हे बाळ म्हणजे कॅनडाच्या उत्तरेकडील पांगनिर्तुंग, बोलण्यात पांग, या गावचे वृद्ध शिकारी जायपीटी होत. चोवीस वर्षांपूर्वी त्यांची माता, तिचेही नाव जीलाच, निधन पावली आणि तीनच आठवड्यांनी शेजारच्या घरी एक कन्या जन्मास आली. तिला तेच नाव ठेवण्यात आले. तेथील मूळ रहिवासी असलेल्या इनुइट समाजात नाव ही केवळ हाक मारण्याची सोय नव्हे. ज्याचे नाव, त्याची नातीही नव्या जिवाकडे येतात. त्या दिवसापासून जायपीटी त्या तान्ह्या मुलीस 'आई' म्हणू लागले. हंगामातील पहिला मासा ते तिच्या दारी आणून ठेवीत. सहा वर्षांची जीला कमरेवर हात ठेवून त्यांना दटावी, "बाळा, टोपी कुठाय?" आणि तो धिप्पाड पुरुष निमूटपणे घरी जाऊन टोपी घालून येई. त्यांचा थोरला मुलगा नोआ तिला आजी म्हणे. गावात याचे कोणास हसू येत नसे.

दहाच्या सुमारास फोन वाजला. नोआ बोलत होता.

"आजी, बाबा गेले. चहा ओतून घेतला, आणि कप हातात असतानाच... काही त्रास झाला नाही."

जीलाच्या हातातील अर्धचंद्राकृती सुरी पुठ्ठ्यावर पडली.

"शुक्रवारी दुपारी नेणार. शनिवारी पाद्रीबाबांना पुढच्या गावी जायचंय. तू येशील ना? आईनं बघितल्याशिवाय पेटी कशी बंद करू?"

"येते," जीला म्हणाली. "मोजे घेऊन येते. उघडे हात घेऊन जाऊ देऊ नकोस त्याला."

पांगनिर्तुंगला रस्ता जात नाही. जाते ते विमान. त्याचे भाडे म्हणजे मीकाचा महिन्याचा सबंध पगार. इनुइटांसाठी राखलेल्या स्वस्त जागा त्या आठवड्यापुरत्या भरून गेल्या होत्या. तथापि घरात मृत्यू झाला असता विमान कंपनी भाड्यात सवलत देते, हे मीकास ठाऊक होते. जीलाने फोन लावला. पलीकडील बाई आवाजावरून तरी दयाळू वाटली.

"ऐकून वाईट वाटलं, मॅडम. मृत व्यक्तीशी तुमचं नातं?"

"मी आई त्याची."

"अरेरे! मुलाचं वय काय होतं?"

"बहात्तर."



"आणि तुमचं वय, मॅडम?"

"चोवीस."

"मॅडम, ही सवलत दुःखातल्या लोकांसाठी आहे. गंमत करायची असेल तर दुसरीकडे करा." आणि फोन बंद झाला.

मीकाने कपाळावर हात मारला. "अगं वेडे, त्यांना काय कळतंय नावाचं? नात आहे म्हणून सांग. नात त्यांच्या यादीत असते."

"पण मी नात नाही."

"नाहीस ते मला माहीत आहे! पण जायचंय ना तुला? मग जीभ जराशी वाकव."

जीलाने फोन हातात घेतला आणि पुन्हा खाली ठेवला. ज्याने आयुष्यभर आई म्हटले, त्याच्या मृत्यूच्या दिवशीच ते नाते आपल्या मुखाने पुसून टाकावे, हा विचार तिच्या अंतःकरणास डाचत होता. परंतु न जाणे त्याहून कठीण होते. तिने पुन्हा नंबर फिरविला. या खेपेस एक तरुण बोलत होता.

"नातं?"

"नात," असे तिने सांगितले. तो शब्द जिभेवरून उतरताना तिने डोळे मिटले होते.

"छान. म्हणजे, माफ करा, वाईट झालं. आता अंत्यविधी करणाऱ्या संस्थेचं नाव आणि फोन नंबर द्या."

"तशी संस्था नाही हो आमच्या गावात."

"मग अंत्यविधी कोण करतं?"

"आम्हीच. पेटी त्याचा मुलगा बनवतोय, शाळेच्या सुतारकामाच्या खोलीत."

"मॅडम, हा रकाना रिकामा ठेवला तर पुढचं पान उघडतच नाही माझ्याकडे." तोही बिचारा अडचणीत सापडला होता. "असं करू. त्या पेटी बनवणाऱ्यांचाच नंबर द्या. मी त्यांच्याशी बोलून खात्री करून घेतो."

जीलाने नोआचा नंबर दिला. फोन ठेवताच तिच्या ध्यानी आले की नोआस काहीच सांगितलेले नाही. तिने घाईघाईने त्याला फोन लावला. लाइन व्यस्त होती. पुन्हा लावला. पुन्हा व्यस्त.

पाच मिनिटांनी नोआचाच फोन आला. त्या दुःखातही त्याच्या आवाजात समाधान होते.

"आजी, कंपनीवाल्याचा फोन आला होता, मी सगळं नीट सांगितलं! पोरगं जरा बावळट दिसतंय. तुला बाबांची नात म्हणत होतं. मी म्हटलं, नात कसली रे? ती आमची आजी. बाबांची आई!"

जीलाने त्यास काहीही सांगितले नाही. खरे बोलणाऱ्यास काय म्हणून दोष द्यावा?

सायंकाळपूर्वी कंपनीचा निरोप आला. माहितीत विसंगती आढळल्यामुळे सवलत नाकारण्यात येत आहे, कळावे. मीकाने पगाराची उचल मागून पाहिली. मुकादमाने पुढील महिन्यात या म्हटले.

दुसऱ्या दिवशी जीलाने मोजे शिवून पुरे केले. गुरुवारी पहाटे ती विमानतळावर रांगेपाशी उभी राहून विचारू लागली, "पांगला कोण जातंय?" डोळ्यांचे ऑपरेशन करून परतणाऱ्या एका म्हातारीने ते मोजे घेऊन कोटाच्या आत छातीशी ठेवले.

"जायपीटीची आई ना गं तू?" म्हातारीने विचारले. त्या तीन दिवसांत हे नाते ओळखणारे घराबाहेरचे माणूस तिला हे एकच भेटले.

वाऱ्यापुढे मात्र म्हातारीचेही काही चालले नाही. तिचे विमान वाटेतील इकालुइट शहरी अडकून पडले. शुक्रवारी दुपारी मोजे तेथेच होते, जीला ओटावात होती, आणि पांगमध्ये नोआने मोज्यांची एक तास वाट पाहून अखेर फोन पेटीत, वडिलांच्या कानापाशी धरला.

"बोल, आजी. ऐकतायत."

जीला त्याच पुठ्ठ्यावर बसली होती.

"बाळा," ती म्हणाली, "मंगळवारी एका माणसाला मी सांगितलं की मी तुझी आई नाही. रागावू नकोस. तुझ्याकडे यायला मिळेल म्हणून बोलले रे." मग तिने विचारले, "टोपी घातलीस ना?"

नोआचा आवाज आला. "घातलीय, आजी."

"आणि हात?"

पलीकडून हातोडीचे ठोके ऐकू येऊ लागले. ते थांबेपर्यंत तिने फोन कानाशी धरून ठेवला.

वाचकहो, ती यादी तयार करणारे लोक दुष्ट नसतील. त्यांनी आपल्या घरातील नाती आठवून लिहिली आणि कागद पुरा झाला असे मानले. परंतु ज्या विमानाखेरीज गावास दुसरी वाट नाही, त्याच्या दारावर दुसऱ्याच्या घरातील नात्यांची यादी टांगणे हा अन्याय नव्हे काय? शोक करण्याचा अधिकार कोणाला, हे ठरविण्याचा अधिकार कोणी कोणास दिला? तुम्हीही कोठेतरी टेबलामागे बसत असाल. तुमच्याही पुढ्यात असा एखादा रकाना असेल.

त्या आठवड्यात जीलाने कंपनीकडे लेखी तक्रार केली. तक्रारीच्या कागदावरही तोच प्रश्न छापलेला होता: मृत व्यक्तीशी नाते. मीका पाठीमागे उभी होती. या वेळी पेन तिनेच पुढे केले. जीलाने ठळक अक्षरांत लिहिले, 'आई', आणि खाली सही केली.

त्या पत्रास अद्याप उत्तर आलेले नाही.