एब्बेच्या बागेतला उघडा पट्टा

बर्फ पडलं, पण एब्बेच्या बागेत टिकलं नाही.

हे वाक्य आधी नीट करतो. बर्फ सगळ्यांच्या बागेत टिकलं, एब्बेच्याही. फक्त रस्त्याकडच्या कुंपणापासून सफरचंदाच्या झाडापर्यंत एक पट्टा काळा आणि ओला राहिला. त्यावर प्रेबेनचं मांजर पोट सोडून पडलेलं.

आम्ही म्हणजे ही गल्ली. कोळशाची भट्टी बंद झाली तेव्हापासून एक मोठा पंप खाडीच्या पाण्यातून ऊब खेचतो. त्याचं गरम पाणी जमिनीखालच्या नळांतून आमच्या घराघरांत फिरतं आणि निवून परत जातं. संस्था सहकारी, सभासद आम्ही, अध्यक्ष प्रेबेन. एब्बे तेवढा सभासद नाही. सभेत प्रेबेनशी वाजलं, तसा तो बाहेर पडला. आपला नळ तोडून घेतला, बागेत नळ्या पुरल्या आणि स्वतःचा हीट पंप बसवला.

अशा नळ्या जमिनीची ऊब घरात ओढतात, जमीन गार पडते. म्हणजे गल्लीतलं बर्फ सगळ्यात शेवटी एब्बेच्या बागेत वितळायला हवं. इथे उलटंच.

शिवाय संस्थेचं पाणी कुठेतरी गळत होतं आणि आमची घरं नीट तापत नव्हती.

पुढचं आम्हा सगळ्यांना एकदम सुचलं. (एब्बेच्या समोर राहणाऱ्या टोव्हला आधी सुचलं. आता ती नाही म्हणते.)

*टोव्हच्या खिडकीतून*

एब्बे घरात नुसत्या सदऱ्यावर. आम्ही दोन-दोन स्वेटरांत. त्याची बायको रग्ना छातीच्या दुखण्याने इस्पितळात राहून नुकतीच घरी आलेली, तीही पातळ झग्यात खिडकीशी बसून विणत होती. आजारी माणसाने इतकं सुखात दिसावं? टोव्हने पडदा सोडला. मग पुन्हा थोडा सरकवला.

*पावाच्या दुकानात*

कुणी म्हणालं, चोरून जोडणी घेतली असणार. कुणी म्हणालं, म्हणूनच हल्ली नमस्कार आधी करतो. तेवढ्यात एब्बे आत आला आणि सगळे पावांकडे बघायला लागले.

"चालू द्या," तो म्हणाला. "मी पाव न्यायला आलोय, तुमची जीभ नाही."

*सभेत*

बाग खणायची, असं ठरलं. गळती सापडावी म्हणून पाण्यात हिरवा रंग आधीच सोडला होता. एब्बे मागे उभा होता. त्याने एकच मागितलं: यंत्र आणू नका, फावड्याने खणा. नळ्या तुटल्या तर घर गारठेल आणि रग्नाच्या छातीला ते सोसणार नाही.

"चोरी नाही, तर घाबरतोस कशाला?" प्रेबेनने विचारलं.

"थंडीला घाबरतो. तुला घाबरायचं वय गेलं माझं."

फावडी आणली.

*खड्डा*

कुंपणाशीच हिरवं पाणी लागलं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. खोटं कशाला, बरं वाटलं.

मग आणखी खणलं. नळ एब्बेच्या घराकडे जातच नव्हता. कुंपणाच्या आत हातभर येऊन संपत होता. एब्बे संस्थेतून बाहेर पडला तेव्हा तोडलेला जुना नळ. टोकावर आम्हीच ठोकलेलं झाकण, आणि झाकणाच्या कडेने पाणी झिरपत होतं. झाकण बसवलं त्या दिवशी पाऊस होता आणि प्रेबेन रागात होता. "बुजवा आणि चला," असं तोच म्हणाला होता.

प्रेबेन चष्मा पुसत राहिला. बराच वेळ.

टोव्हला मात्र राहवलं नाही. "पण एब्बे, पट्टा तुला दिसत होता ना?"

एब्बेने रग्नाच्या खिडकीकडे पाहिलं.

आमच्या डोक्यात मग हळूहळू शिरलं. गरम पाणी त्याच्या नळ्यांच्या आसपास मुरत होतं. त्याच्या पंपाला ऊबदार माती आयती मिळत होती. सदरा. पातळ झगा.

"दिसत होता," तो शेवटी म्हणाला. "रग्ना घरी आली त्याच आठवड्यात दिसला. सांगितलं असतं तर तुम्ही गळती बुजवली असती."

चोर म्हणावं तर त्याने काही घेतलं नव्हतं. बरं, चोर नाही म्हणावं तर...

खिडकी उघडली. रग्नाचा आवाज बसलेला होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "पाणी तुम्ही सोडलंत आमच्या बागेत. आम्ही काय बादलीने परत आणून द्यायचं होतं?"

कुणी हसलं नाही. झाकण नवीन बसवलं की बाग गारठणार आणि घरही आताइतकं उबदार राहणार नाही, हे तिलाही कळत होतं.

प्रेबेनने चष्मा डोळ्यांवर चढवला. "खड्डा उघडाच आहे," तो एब्बेकडे न बघता म्हणाला. "म्हणत असशील तर झाकणाऐवजी पुढे नळ टाकू. घरापर्यंत."

"म्हणजे शेवटी मी चोरच होतो, असं सगळ्यांनी समजायचं?"

"ज्यांना समजायचं ते समजणारच," रग्ना वरून म्हणाली. "जोडा हो तुम्ही. आणि एब्बे, तू आत ये, खिडकीतून थंडी येतेय."

नंतरच्या बर्फात त्याच्या बागेत नवा पट्टा उमटला. अगदी सरळ, कुंपणापासून थेट दारापर्यंत. संस्थेचा, रीतसर.

त्या पट्ट्याबद्दल कुणी काही बोलत नाही. जाता-येता बघतो मात्र सगळे. आणि प्रेबेनचं मांजर हल्ली टोव्हच्या परसात, बर्फ नसलेल्या ओल्या मातीवर बसतं. तिथे का, ते अजून कुणी विचारलेलं नाही.