गिळलेले ठोके

मी भट्टीची झडप बोलतेय. हसू नका. मला घडवलंच मुकी म्हणून. पण तोंड नसलं तरी पोट आहे, आणि पोटात साठलेलं कधी ना कधी वर येतंच.

साधं पोलाद ठोकलं की खणखणतं. माझं तसं नाही. हातोडी मारा नाहीतर घण घाला, ओल्या पोत्यावर काठी पडावी तसा आवाज येतो आणि जागच्या जागी मरतो. बाकीचा मी गिळते.

हे पोलाद शोधून काढलं संशोधन विभागातल्या बाईंनी. त्यांचे वडील याच कारखान्यात पत्रे ठोकून ठोकून ठार बहिरे झाले. घरात त्यांना काही सांगायचं तर तळहातावर बोटानं लिहायचं, हाक मारायची तर जमिनीवर पाय आपटायचा. बाईंचं लहानपण पाय आपटण्यात गेलं. म्हणून त्यांनी मनाशी घेतलं, न वाजणारं पोलाद करायचं.

मग काय, वितळवा, ओता, लाटा, ठोका. वाजलं की परत भट्टीत. मँगनीज कमी करून बघितलं, वाढवून बघितलं, तापवून थंड करायची तऱ्हा बदलली. बरोबरीचे लोक टोमणे मारायचे. "वाजत नाही ते पोलाद कसलं? कणीक झाली की हो बाई." बाई ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या. बापाकडून तेवढं शिकल्या होत्या.

एकदाचं जमलं. माल घसरत येतो त्या पन्हाळ्यांना माझ्या बहिणी, म्हणजे याच पोलादाचे पत्रे लावले, आणि शेजारच्या माणसाशी न ओरडता बोलता यायला लागलं. माणसं थोडे दिवस गोंधळली. एवढ्या शांततेत काय बोलायचं तेच त्यांना सुचेना. मग कुणीतरी म्हणालं, भट्टीच्या मागच्या तोंडाची झडप फार आदळते, तीसुद्धा याच पोलादाची करा. ती मी.

बाईंचा धाकटा भाऊ भट्टीचा गवंडी. आत शिरायचं, झिजलेल्या विटा काढायच्या, नव्या बसवायच्या. मला बिजागरीवर चढवताना एक बाजू त्यानंच धरली होती. बहिणीला म्हणाला, "ताई, पोरगी गुणाची आहे तुझी. एवढी आपटली तरी हूं नाही की चूं नाही." बाई खुदकन हसल्या. ते हसू मला नीट आठवतं, कारण नंतर दिसलं नाही.

आता इथली रीत सांगते. सगळं त्या रीतीवरच अडलं. झडप लावायचं काम मामांचं. ते कुणाचे मामा होते कोण जाणे, सगळा कारखाना त्यांना मामाच म्हणायचा. आत मोठं वळण, वर पंख्यांची घरघर, त्यामुळे हाक मारून उपयोग नसायचा. म्हणून झडप ओढून घ्यायची आणि हातोडीनं तीनदा ठोकायचं. आत कुणी असेल त्यानं आतून तीनदा ठोकायचं. उत्तर आलं नाही तर आत कुणी नाही, बोल्ट आवळा. बापजाद्यांपासून हेच चाललं होतं आणि कुणाच्या केसाला धक्का लागला नव्हता.

त्या दिवशी नव्या विटा सुकवायला मंद आच द्यायची होती. मामांनी मला ओढलं, तीनदा ठोकलं. मी तिन्ही ठोके गिळले. मामा कान देऊन थांबले. आपला ठोका आपल्यालाच धड ऐकू आला नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं. पण नवी झडप आहे, असंच असेल, असं पुटपुटत त्यांनी बोल्ट आवळले.

भाऊ आत होता. वळणापलीकडे, शेवटची वीट बसवत.

उजेड गेला तसा तो माझ्यापाशी आला. घाबरला नव्हता. रीतीप्रमाणे तीनदा ठोकलं. थांबला. पुन्हा तीनदा. आणखी तीनदा. बाहेर मामा मला पाठ टेकून चहा पीत होते. जुनी झडप थरथरायची, तिला टेकता यायचं नाही. माझं अंग कसं गप्पगार. एका अंगाला मामांची पाठ, दुसऱ्या अंगाला त्याची हातोडी, मधे मी. पलीकडे काही म्हणता काही गेलं नाही. मग माझ्या पायथ्याकडून धूर आला. शेवटचे ठोके हातोडीचे नव्हते, मुठीचे होते. तेही तीनच. नंतर तो धुरापासून मागे सरकत गेला आणि वळणापाशी सापडला.

मला बोल लावू नका. मला जे शिकवलं ते मी केलं, आणि चोख केलं.

चौकशी झाली. आतल्या कोंदट हवेनं त्याला आधीच भोवळ आली असणार, त्यानं उत्तर दिलंच नसणार, असं सगळ्यांचं ठरलं. मोठे साहेब बाईंना म्हणाले, तुमच्या पोलादाचा यात काही दोष नाही, सगळ्या भट्ट्यांना अशाच झडपा करू, फक्त तुम्ही हो म्हणा. बुडत्याला काडीचा आधार, तशा बाई त्या एका वाक्याला धरून होत्या. मला उतरवून त्यांनी प्रयोगशाळेत टेबलावर ठेवलं होतं. हो म्हणायचं तेवढं बाकी होतं.

तिथं त्यांचे वडील आले. लेक काही लिहील म्हणून त्यांनी तळहात पुढे केला. बाईंनी लिहिलं नाही. म्हाताऱ्यानं तोच हात माझ्यावर ठेवला. जन्मभर पत्र्यांवरून फिरलेला हात, तो आपोआप फिरायला लागला. माझं आतलं अंग काजळीनं माखलेलं. काजळीखाली बोटं अडली. पुढे सरकली, पुन्हा अडली. मग त्यांनी लेकीचं बोट धरलं आणि एकेका खळग्यात टेकवलं. तीन खळगे. जरा बाजूला तीन. त्याखाली आणखी तीन.

बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा ते कळत नाही. ते म्हणाले, "ठोकलंय पोरानं." सगळ्या विभागानं ऐकलं.

बाईंनी मोठ्या साहेबांना सांगितलं, झडपा करायच्या नाहीत. ते म्हणाले, "इतक्या वर्षांची मेहनत आहे, बाई."

"पन्हाळ्याला लावा ना ती मेहनत. दार वाजलंच पाहिजे."

दारांना पुन्हा जुनं पोलाद आलं, आदळणारं, कानठळ्या बसवणारं. मी प्रयोगशाळेच्या भिंतीवर आहे, आतलं अंग बाहेर करून. बाईंनी काजळी पुसू दिलेली नाही. संध्याकाळी खोली गार होते, माझं अंग आकसतं आणि गिळलेलं थोडं थोडं सुटतं. तीन ठोके. इतर लोक म्हणतात, पोलाद निवताना कुरकुरतंच. बाई उठतात आणि मुठीनं तीनदा ठोकतात. भाऊ उभा होता त्याच बाजूनं.

माझं एकच मागणं आहे. कुठलंही दार लावण्याआधी कानावर विसंबू नका, डोकं आत घालून बघा. आपल्याला ऐकू आलं नाही म्हणजे कुणी ठोकलं नाही, असं नसतं.

काल बाईंनी ठोकलं आणि पलीकडून उत्तर आलं. तीनदा, खणखणीत. माझ्या पलीकडे नुसती भिंत आहे. आणि शपथेवर सांगते, ते ठोके माझ्या पोटातले नव्हते.