कोंबडेमहाराजांची समाधी

उल्हास नदीच्या काठचं, शहाडच्या अलीकडचं ते गाव रोज दिवेलागणीला अंधारात बुडायचं. वीज इतकी नेमाने जायची की लोक तिच्यावर घड्याळं लावत. पण अठ्ठ्याण्णव सालच्या उन्हाळ्यात काळुराम भोईरच्या मोकळ्या प्लॉटवर मात्र रोज दिवाळी असायची. तिथे एक भगवी मेटाडोर उभी होती. आत ट्यूब जळायची, पंखा फिरायचा, टपावर ॐ लुकलुकायचा, आणि गाडीला कुठूनही वायर आलेली नव्हती. लोकांनी चाकांखाली वाकून पाहिलं, टपावर चढून पाहिलं, शेजारच्या आंब्यावरूनही पाहिलं. वायर नाही म्हणजे नाही. मग करायचं काय? गाव पाया पडलं.

गाडीतून उतरले श्री निर्वातानंद महाराज. त्यांची गाडी म्हणजे चाकांवरचा आश्रमच. आत पलंग, ओटा, हात धुवायचं भांडं आणि मागच्या बाजूला एक कुलूपबंद लाकडी कपाट. त्या कपाटाला म्हणायचं गाभारा.

"वीज कुठून येते, वत्सांनो?" महाराज विचारायचे.

"तारेतून!" गाव ओरडायचं.

"अज्ञान! तारेतून येते ती बिलाची वीज. खरी वीज पृथ्वीच्या पोटात झोपलेली आहे. मी तिला फक्त उठवतो. कान लावा जमिनीला! पृथ्वी ॐ म्हणते आहे, ऐका!"

मग अख्खं गाव कुशीवर आडवं व्हायचं. सगळ्यात आधी धोंडिबा पाटील, कारण गावात कुठेही आडवं व्हायचा पहिला मान त्यांचा. आणि खरंच, जमिनीतून हलका, अखंड असा घुंऽऽ आवाज यायचा.

"ॐ जरा घरघरतोय," काळुरामची बायको लक्ष्मी एकदा म्हणाली.

"पृथ्वीचं वय झालंय, ताई," महाराजांचा शिष्य गुरुदत्त गंभीरपणे म्हणाला. "कफ असणार."

काळुरामची छाती मात्र त्या दिवसांत शर्टात मावत नव्हती. बापजाद्यांच्या शेतावर बिल्डिंगी उभ्या राहिल्या, गळ्यात चेन आली, घरात फ्रीज आला, पण गावात मान काही आला नव्हता. आता वर्तकनगरपासून माणसं रिक्षा करून यायची आणि विचारायची, "भोईरशेठचा प्लॉट कुठला हो?" नुसत्या त्या "शेठ"वर काळुरामने महाराजांना जन्मभर ठेवून घेतलं असतं.

गाडीच्या पाठीमागे पितळेचं गोमुख होतं. त्यातून कोमट श्वास यायचा. भाविक त्याच्यापुढे हात धरत, डोळ्यांना लावत. तळहात काळपट झाले की ते काजळ म्हणून पोरांच्या कपाळाला टेकवत. श्वासाला किंचित पेट्रोलचा वास होता. त्यावर गुरुदत्त म्हणायचा, "यज्ञाचा आहे."

काळुरामने महाराजांना मानाचा कोंबडा आणला. तांबडा, तुरेबाज, अख्ख्या आळीला शिव्या दिल्यासारखा आरवणारा. महाराज शाकाहारी पडले. त्यांनी कोंबड्याला अभय दिलं आणि गोमुखाखाली बांधायला सांगितलं. घटकाभरात कोंबड्याने मान टाकली. पाय ताठ, डोळे मिटलेले, छाती मात्र हळूहळू हलतेय. काळुराम घाबरला. महाराज तर त्याच्याहून घाबरले. पण गुरुदत्त हजरजबाबी. त्याने शंख फुंकला.

"समाधी लागली! पूर्वजन्मीचा योगी आहे!"

संध्याकाळी काळुरामने कोंबडा घरी नेला, अंगणात ठेवला, तर हा उठून पुन्हा सगळ्यांना शिव्या द्यायला मोकळा. दुसऱ्या दिवशी परत समाधी. मग काय विचारता! कोंबडेमहाराजांना हार पडू लागले. लग्नाळू मुलींच्या आया त्यांच्या तुऱ्याला हळद लावू लागल्या. एका माणसाने तर भावकीच्या भांडणात त्यांचा कौल मागितला. कोंबडेमहाराज काही बोलले नाहीत, तेव्हा दोन्ही बाजूंनी आपणच जिंकलो असं ठरवलं.

मग काळुरामला वाटलं, आपला फ्रीजही एकदा दैवी विजेवर चालावा. हातगाडीवर घालून त्याने तो वाजतगाजत आणला. गाडीच्या बाहेरच्या बाजूला 'शक्तिद्वार' नावाचा प्लग होता, तिथे लावला. फ्रीज म्हणाला, ढुक्. ट्यूब गेली, पंखा थांबला, टपावरचा ॐ विझला आणि पृथ्वी एकदम गप्प झाली.

महाराजांनी फ्रीजचं दार उघडलं. आत जिताडा मासा.

"मांसाहारी फ्रीज!" महाराज किंचाळले.

जिताडा बाहेर निघाला, फ्रीजला गोमूत्राने आंघोळ झाली. गुरुदत्त गाभाऱ्यात शिरून काहीतरी मंत्र खाटखुट करून आला. ट्यूब लागली. फ्रीज पुन्हा जोडला. ढुक्.

"याच्या मनातून मासा गेलेला नाही," महाराजांनी निकाल दिला.

कोंबड्यापाठोपाठ माणसांना समाधी लागायला वेळ लागला नाही. महाराज भक्तांना गाडीत बसवायचे, काचा लावून घ्यायचे, कारण म्हणे "वाऱ्याबरोबर शक्ती उडून जाते." थोड्या वेळाने बसलेल्यांचं डोकं जड व्हायचं, डोळ्यांपुढे काजवे चमकायचे, कुणी कलंडायचं. बाहेर आल्यावर ते ओकायचे. पाप बाहेर पडायचं ते असंच, असं गुरुदत्तचं म्हणणं.

आणि मग काळुरामच्या आईने, आवडाबाईने, हट्ट धरला. म्हातारी सत्तरीची, पण जिभेने विशीतली. नवरा गोमाजी जाऊन बरीच वर्षं झाली होती. महाराज म्हणाले होते की दिवसभर पूर्ण समाधी घेतली तर गेलेलं माणूस समोर येऊन उभं राहतं.

"मना त्याला येकच इचारायचाय," आवडाबाई म्हणाली. "जाताना न बोलता का गेलास रं बाबा?"

तालीम म्हणून ती थोडा वेळ गाडीत बसून आली. आली ती ओकत आणि डोकं धरून. दुसऱ्या दिवशी सकाळपासून सूर्यास्तापर्यंतची महासमाधी ठरली होती. मांडव पडला होता, भंडाऱ्याची चूल खणली होती. डोकेदुखीपायी एवढा सोहळा हुकायला नको म्हणून काळुराम आईला रिक्षात घालून कल्याणला डॉक्टर शीला गुप्ते यांच्या दवाखान्यात घेऊन गेला.

"मॅडम, जरा पावरफुल गोळी द्या. उद्या परत बसायचंय."

"कुठे बसायचंय?" डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. तुमच्या गावचे या आठवड्यात डोकं धरून आलेले बरेच झाले, असं त्या म्हणाल्या, आणि काळुरामने सगळी हकिकत अभिमानाने सांगितली. कोंबडेमहाराजांवर आल्यावर मात्र त्यांचं पेन थांबलं.

"कोंबडा बांधता कुठे?"

"गोमुखाखाली. बरोब्बर श्वासापुढं."

"आणि शुद्धीवर येतो मोकळ्या हवेत नेल्यावर." डॉक्टरीणबाईंनी कागदावर दोन ओळी लिहिल्या. "फ्रीजचं काय म्हणालात?"

"मासा होता मॅडम आत. शक्तीला चाललं नाय."

"भोईर, माझ्या दवाखान्यामागे एक जनरेटर आहे. तुमच्या महाराजांसारखंच मीही चुकले होते. दिव्यापंख्यांची बेरीज करून छोटासा आणला. लसींचा फ्रीज लावला आणि सगळं बंद! फ्रीज चालू होताना नेहमीच्या कितीतरी पट वीज ओढतो. तेवढा दम असलेलं मशीन लागतं. ज्या शक्तीला ट्यूब पेलते आणि फ्रीज पेलत नाही ती दैवी नव्हे, तिला वॅट मोजता येतात!"

"पण मॅडम, जनरेटर क्येवढा आवाज करतो! लग्नात बघितलाय ना. बाजूच्या गावातली पोरं जागी होतात."

"आता सुटकेसएवढे जपानी आलेत, आतच इन्व्हर्टर असलेले. कपाटात ठेवले तर नुसती घुंऽऽ. पण कपाटात ठेवायचे नसतात! पेट्रोल जळतं तिथून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तात प्राणवायूची जागा बळकावून बसतो. डोकं दुखतं, ओकारी होते, गुंगी येते. बंद गाडीत दिवसभर बसलं, तर माणूस उठत नाही. पक्ष्यांना तो लवकर लागतो. तुमचा कोंबडा समाधीत नाही, अर्धा मेलेला आहे!"

काळुराम घामाघूम झाला. तरी त्याच्या तोंडून निघालं, "मॅडम, मांडव पडलाय हो. लोक काय बोलतील?"

"आईला आत बसवायचं नाही. सकाळी मी येते."

काळुरामने रात्री आईला सांगितलं. तिने कूस बदलली आणि घोरायला लागली. पटलं असावं, असं त्याला वाटलं. आईला ओळखून इतकी वर्षं झाली तरी माणूस कधी सुधारत नाही.

सकाळी तो प्लॉटवर आला तेव्हा आवडाबाई केव्हाच गाडीत जाऊन बसली होती. सोबत महाराजही. काचा बंद, फटींना गुरुदत्तने कणीक लिंपलेली. बाहेर टाळ, झांजा आणि जमिनीला कान लावून पडलेलं गाव.

"आई!" काळुराम काचेवर हात आपटत ओरडला. "आये!"

"उत्तर येणार नाही," गुरुदत्त म्हणाला. "समाधीची हीच तर खूण."

"नशीबवान आहेस, काळुराम!" पडल्यापडल्या धोंडिबा पाटील म्हणाले.

काळुरामने गोमुखाकडे पाहिलं. कोंबडा हाराखाली लुळा पडला होता. मांडवात आलेली माणसं "भोईरशेठ, भोईरशेठ" करत होती. हा सोहळा मोडला तर जन्मभर कुणी शेठ म्हणणार नव्हतं. त्याने भंडाऱ्याच्या लाकडांतली कुऱ्हाड उचलली.

"समाधी भंगेल! पाप लागेल!" लोक धावले. कुणी कुऱ्हाड धरली, कुणी हात, धोंडिबांनी तर पाय धरले, कारण ते खालीच होते.

"सोडा माज्या नवऱ्याला!" लक्ष्मी गर्दीत घुसली. तिच्या हातात भंडाऱ्याचा झारा होता आणि तो गरम होता. लोकांनी सोडलं.

काच फुटली. काळुरामने आत हात घालून दार उघडलं. आवडाबाई पलंगाच्या कोपऱ्यात कलंडली होती. तिच्या पायाशी महाराज पसरले होते, तोंड उघडं, जटा बाजूला सरकलेली. त्याने आईला उचलून नदीकडच्या वाऱ्यावर नेलं. लक्ष्मीने महाराजांना दाढीला धरून ओढलं, कारण दुसरं काही हाताला लागत नव्हतं. तेवढ्यात रिक्षातून डॉक्टरीणबाई उतरल्या. त्यांनी नाडी पाहिली, गर्दी मागे हटवली, कल्याणहून हॉस्पिटलची गाडी मागवायला माणूस पिटाळला.

मग त्यांनी काळुरामला गाभारा फोडायला सांगितला. आत तांबड्या कापडाखाली सुटकेसएवढं मशीन घुंऽऽ करत होतं. धुराची रबरी नळी गोमुखापर्यंत नेली होती, आणि ती वाटेत वितळून फाटली होती. बाईंनी बटण दाबलं. ट्यूब गेली. टपावरचा ॐ गेला.

"पृथ्वी थांबली!" जमिनीला कान लावलेले धोंडिबा ओरडले.

"पाटील, इकडे या. मशीन उघड्यावर आणा. आता ही दोरी ओढा. जोरात."

धोंडिबांनी ओढली. घुंऽऽ. टपावर ॐ लुकलुकला. धोंडिबांनी स्वतःच्या हाताकडे असं पाहिलं की आता ते आपल्याच पाया पडणार.

"पडू नका!" बाई ओरडल्या. "आता पुढचा माणूस."

मग रांगच लागली. म्हाताऱ्यांनी दोरी ओढली, बायकांनी ओढली. कुणाच्याही हाताने पृथ्वी जागी होत होती. गुरुदत्तला कुणीतरी धरून ठेवलं होतं. तो कळवळून सांगत होता, "आम्ही टुरिस्ट लोकांना कॅम्पला न्यायचो हो! धंदा बसला म्हणून महाराज झालो. पण समाधीचं खरंच माहीत नव्हतं. महाराजांना स्वतःलाच रोज लागायची!"

हे मात्र खरं होतं. शुद्धीवर आल्यावर महाराजांनी डॉक्टरीणबाईंचा हात धरला आणि रडवेल्या आवाजात विचारलं, "मग माझी कुंडलिनी?"

"धूर होता, महाराज."

"रोज सकाळी डोकं जड व्हायचं ते?"

"धूर."

त्या गर्दीत सगळ्यात मोठी फसवणूक त्या बिचाऱ्याची झाली होती.

बाईंनी मांडवातल्या माईकवरून सांगितलं. "मशीन वाईट नाही. वीज जाते तेव्हा कामाला येतं. घ्यायचं असेल तर आपल्याला काय काय चालवायचंय त्याची आधी बेरीज करा. घरात, गाडीत, तंबूत ठेवू नका. मोकळ्या जागेत ठेवा, धुराचं तोंड माणसांपासून लांब करा. आणि कुणी ते कापडाखाली झाकून ठेवलं, तर हात जोडण्याआधी विचारा, का झाकलंय? नुसतं विचारायला घाबरू नका. काल तुमच्यापैकी कुणी एकाने जरी विचारलं असतं, तरी ही म्हातारी आज अशी पडली नसती."

गावाला पहिल्यांदा आपल्या अंगाला लागलेली माती दिसली, आणि लोक गुपचूप ती झाडू लागले.

कल्याणच्या हॉस्पिटलात आवडाबाईने डोळे उघडले तेव्हा तिच्या नाकातोंडावर प्राणवायूचा मास्क होता. काळुराम पलंगाच्या कडेला बसून लहान पोरासारखा रडत होता. तिने मास्क बाजूला सारला.

"क्याला रडतंस, काल्या?"

"आये," त्याने डोळे पुसत विचारलं, "बाबा दिसला का गं तुला?"

म्हातारीने त्याच्या डोक्यावर हलकी टपली मारली.

"दिसला असता तं मी परत आलेच नसते रं," ती म्हणाली, आणि मास्क पुन्हा तोंडावर ओढून घेतला.