सातवा नियम आणि दहा गॅलन पाणी

नियम सातवा : वाटेत कुणाकडूनही काहीही घ्यायचं नाही. पत्रसुद्धा नाही. घेतलं की बाद.

समुद्रात शेवंडं पकडायच्या पिंजऱ्याला बांधलेल्या प्रत्येक तरंगत्या बोयावर मालकाचा परवाना क्रमांक रंगवलेला हवा. नसला तर दंड.

वॉटी किंकेडचा बाप एकतीस साली ब्लफ बंदरापासून तीन मैलांवर बुडाला. वर्तमानपत्रात दीड ओळ आली. तीत आडनाव चुकलं होतं.

आज सकाळी वॉटीच्या स्वयंपाकघरात धुण्याच्या सोड्याचा डबा उघडाच.

‘‘त्याच्या पाण्याच्या टाकीत डिझेल शिरलंय,’’ काल रेडिओवर दुसऱ्या मासेमारी बोटीचा तांडेल वॉटीला सांगत होता. ‘‘हिरड्यांतून रक्त येतंय. आणि वर हसतोय.’’

तो म्हणजे मेजर ऑब्री लिडगेट. अडुसष्ट साली लंडनच्या एका वर्तमानपत्राने टूम काढली होती: एकट्याने, कुठेही न थांबता, शिडाच्या बोटीतून पृथ्वीला फेरी घालायची शर्यत. जूनमध्ये इंग्लंडहून निघालेला मेजर डिसेंबरात न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाशी पोचला होता. फोटोंची रिळं कुणाच्या तरी बोटीत फेकायची, एवढीच नियमात मुभा. पुढे दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, केप हॉर्नपर्यंत पाच हजार मैल पाणीच पाणी, पिण्याचं सोडून.

‘‘मी पिंजरे उचलायला चाललोय,’’ वॉटी सकाळी बायकोला म्हणाला. ‘‘त्या येड्याला बघायला नाही.’’

‘‘मी कुठे काय म्हणाले?’’ नोएलीन म्हणाली आणि बोटीवर चढली.

पांढरी बोट बेटाच्या आडोशाला डुलत होती. मेजरचे ओठ फुटलेले, डोळे आत गेलेले. गळ्यात मात्र रुमाल, नीट गाठ मारलेला.

‘‘ही रिळं टपालात टाकाल का?’’ त्याने विचारलं. ‘‘फार उपकार होतील.’’

‘‘उपकार चालतात वाटतं,’’ वॉटी म्हणाला. ‘‘मग पाणीही घ्या. दहा गॅलन आहे पिंपात.’’

‘‘नियमात बसत नाही.’’

‘‘बघतंय कोण? देवमासे?’’

‘‘मी बघतोय ना. पावसाचं धरीन.’’

‘‘पडला का पाऊस?’’ नोएलीनने विचारलं.

‘‘अजून नाही.’’

वॉटीला असली माणसं ठाऊक होती. युद्धात इजिप्तमध्ये असलाच एक अधिकारी त्याच्या नशिबी आला होता. वरून बॉम्ब पडत होते आणि हा रांग वाकडी म्हणून शिपायांना पुन्हा मोजत होता. आपण रोज पोटासाठी जिथे मरायला जातो, तिथे ही मंडळी मरायचा खेळ खेळायला येतात. आणि खेळात चिडी चालत नाही म्हणे.

मैलभर पुढे जाऊन त्याने पिंप एका बोयाला बांधलं आणि मेजरच्या वाटेवर सोडून दिलं. वर वीतभर हवा ठेवली होती, तरंगायला.

‘‘समुद्रात सापडलं ते काही कुणी दिलेलं नसतं,’’ तो म्हणाला. ‘‘एवढं तरी कळेल त्या शहाण्याला.’’

मेजरने आकड्याने बोया ओढला, वाकून बघितला आणि सगळं लटांबर ओढत थेट त्यांच्यापाशी आला.

‘‘तुमचा बोया सुटला होता,’’ तो म्हणाला. ‘‘नंबर आहे त्यावर. दोरी कच्ची दिसते.’’

वॉटीने पिंप आणि बोया आत ओढून घेतले. ‘‘आभारी आहे, मेजरसाहेब.’’

मेजर लांब जाईपर्यंत नोएलीनने ओठ घट्ट मिटून धरले होते. मग डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. मासे कापायची सुरी तिने नवऱ्याच्या हातात दिली. ‘‘खरवड.’’

‘‘दंड होईल.’’

‘‘होऊ दे. खरवड.’’

नंबर गेला. वळसा घालून त्यांनी पिंप पुन्हा मेजरच्या पुढ्यात सोडलं.

‘‘आता तोंड फिरव,’’ नोएलीन म्हणाली. ‘‘आपण बघत असलो तर तो मेला तरी उचलायचा नाही.’’

शिक्षा झाल्यासारखी दोघं किनाऱ्याकडे तोंड करून उभी राहिली.

‘‘तिकडे तो तहानेनं मरणार आणि इकडे मी लाजायचं,’’ वॉटी पुटपुटला.

‘‘गप्प उभा राहा.’’

पुष्कळ वेळाने ती वळली. पांढरं शीड रुमालाएवढं झालं होतं. पिंप नव्हतं. बोया तेवढा जागेवर तरंगत होता. त्याची दोरी न कापता सोडवून, गुंडाळून, नीट गाठ मारून ठेवलेली.

‘‘गाढव,’’ वॉटी म्हणाला आणि बोया आत ओढला.

त्या सकाळी नोएलीन उठायच्या आधी वॉटीने ते पिंप उकळतं पाणी आणि सोडा घालून तीनदा घासलं होतं.