पहिला घोट

"लेबल तेच राहू द्या, मंजुळाबाई. आतलं पाणी तेवढं बदला," सबनीस साहेब म्हणाले.

मंजुळाने बाटली पोटाशी धरली. तिच्यावर तिनेच लिहिलं होतं, 'विहीर, कोळीवाडा'. डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या त्या प्रयोगशाळेत सोळा वर्षं ती काचसामान धूत होती, पाण्याचे नमुने आणत होती. गेली दोन वर्षं साहेबांचा जीव एका काळ्या भुकटीत अडकला होता. कोळशाच्या कणाकणाला छिद्रं, छिद्रांत लोखंडाचं ऑक्साइड आणि चांदी. पाण्यात ढवळली की चांदीने जंतू मरायचे. मग बाहेरून लोहचुंबक लावला की सगळी भुकटी काचेला चिकटायची. चुंबक मंजुळानेच आणलेला, दिराच्या मोडक्या लाउडस्पीकरमधला. पाणी नितळलं की तिचाही ऊर भरून यायचा.

पण आज भुकटी टाकलेल्या तिच्या विहिरीच्या पाण्याची, जंतू वाढवून बघायची काचेची बशी तपासली, तर जंतूंचे ठिपके साबुदाण्यासारखे. आणि उद्या सरकारी पाहुणे येणार होते, खाडीकाठच्या विहिरींसाठी भुकटी पसंत करायला.

"साहेब, आमचं पाणी खारं. मिठाची टेस्ट करताना सिल्व्हर नायट्रेट टाकलं की दुधासारखं पांढरं होतं ना? तुमची चांदी पण तशीच मिठाला धरते. जंतू मारायला उरते कुठे?"

साहेबांना हे ठाऊक होतं. म्हणूनच ते चिडले. "तुमचं काम बाटल्या धुण्याचं."

"धुते म्हणूनच दिसतं. गेल्या साली आमच्या आळीतली दोन पोरं गॅस्ट्रोनी गेली. आता लोक म्हणतील, पावडर टाकली, उकळायचं कशाला?"

"आधी मंजुरी मिळू द्या. मग सुधारू."

शेवटी साहेबांनी तिच्या हातून बाटली घेतली आणि स्वतःच तीत डिस्टिल्ड वॉटर भरलं.

दुसऱ्या दिवशी भुकटी पडली, चुंबक लागला, नितळ पाणी बघून पाहुण्यांनी माना डोलवल्या. रंगात येऊन साहेबांनी पेला तिच्यापुढे धरला. "बाई त्याच गावच्या. त्याच पिऊन दाखवतील."

मंजुळाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्याच तोंडाने तिच्या गावाला फसवायचं? तिने पेला खाली ठेवला आणि पिशवीतून दुसरी बाटली काढली.

"त्या पेल्यात विहिरीचं पाणीच नाही. हे बघा आमचं, सकाळीच शेंदलंय. काल याच विहिरीच्या पाण्याच्या बशीत पावडर टाकूनही जंतू निघाले. यात टाका पावडर. आणि पहिला घोट साहेबांनी घ्यावा."

पुन्हा भुकटी पडली, चुंबक लागला. हेही पाणी तसंच नितळलं. साहेबांनी मात्र पेल्याला हात लावला नाही.

थोरल्या पाहुण्यांनी फाईल मिटली. "कालची बशी दाखवा," ते म्हणाले.

संध्याकाळी तिला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगण्यात आलं. तिने एप्रन खुंटीला अडकवला, फ्लास्कवरचा चुंबक ओढून काढला.

"हा घरचा आहे," ती म्हणाली. कुणी अडवलं नाही.

सकाळी तिने विहिरीचं पाणी नेहमीसारखं खळखळून उकळलं आणि निवत ठेवलं. मांजराने झाकण पाडू नये म्हणून त्यावर तोच चुंबक ठेवला.