भिंतीवरचा मॉनिटर

"बंद केलात ना? मागच्या वेळीही अस्साच बंद केला होतात!"

सोनोग्राफीच्या खाटेवरची बाई उठूनच बसली. भिंतीवरचा मॉनिटर काळाठिक्कर पडला होता.

"अगं, मी हातसुद्धा लावला नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "माझ्याकडे बाळ दिसतंय. ठोके छान आहेत."

"मग मलाच का नाही दिसत?"

डॉक्टरबाईंचा मॉनिटर यंत्राला जखडलेला. तो काही वळेना. मागच्या वर्षी हिच्या पोटातल्या बाळाचे ठोके सापडले नाहीत, तेव्हा त्यांनी आधी भिंतीवरचा मॉनिटर बंद केला होता आणि मग तोंड उघडलं होतं. दयेपोटीच. पण तो काळा चौकोन हिच्या मनात घर करून बसला होता.

इस्पितळातली यंत्रं सांभाळणारे वायरकाका आले. निवृत्तीला टेकलेले, गुडघे कुरकुरणारे. "चादर ओढून घे गं पोरी," म्हणत कामाला लागले. मॉनिटर आपल्या लॅपटॉपला जोडला, तर लख्ख उजळला. म्हणजे तो निर्दोष. यंत्राला नवी वायर लावली, तरी काळोखच. मग यंत्रामागे आडवे होऊन त्यांनी मॉनिटरला चित्र पाठवणाऱ्या ग्राफिक्स कार्डात बसवलेलं वायरीचं टोक अंगठ्यानं वर दाबलं. भिंतीवर हिरव्या रेघा थरथरल्या, चित्र दुभंगलं, जुळलं. अंगठा काढला, की गेलं.

"कार्डाची खाच सैल झालीय. नवं कार्ड उद्या येईल."

"उद्या?" तिचा आवाज चिरकला.

काका थबकले. मग पुन्हा आडवे झाले. "मी धरून ठेवतो की. बघ तू पोटभर."

"काका, वीस मिनिटं लागतील हं!" डॉक्टरबाई म्हणाल्या.

"चाळीस वर्षं वायरींनी मला धरून ठेवलंय, बाई. वीस मिनिटं मी धरतो!"

आयुष्यभर त्यांनी मॉनिटरवरचे डाग, रेघा, लुकलुक तेवढी पाहिली. चित्र कशाचं आहे, हे बघायला कधी सवडच झाली नाही. आताही मॉनिटर त्यांना दिसत नव्हता. दिसत होता तो तिचा चेहरा. त्यावर बाळाच्या ठोक्यांबरोबर करड्या उजेडाचा एक ठिपका भराभर उघडमीट करत होता, न थकता, न चुकता. तिचे ओठ विलग झाले. "अगं बाई..." एवढंच ती म्हणाली.

काकांच्या अंगठ्याला रग लागली. त्यांनी श्वासही जपून घेतला.

"झालं, काका. सोडा आता," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"राहू द्या की जरा," काका हळूच म्हणाले. तिच्या चेहऱ्यावरून नजर काही त्यांनी हलवली नाही.