तिप्पा वाट पाहतोय

तिप्पेस्वामी सर जाऊन सहा महिने झाले, तरी माझ्या स्क्रीनवर त्यांचं नाव येतंच. "तिप्पा: वाट पाहतोय." वाचलं की अंगावर सर्रकन काटा येतो.

आमच्या जयनगरच्या ऑफिसातली ही सरांचीच खोड. एकाच प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या कामांना, म्हणजे थ्रेडना, ते माणसांची नावं द्यायचे. दवाखान्यासाठी आम्ही दोघांनी घंटेचा प्रोग्रॅम केला होता. पेशंटनं बटण दाबलं की 'वसुधा', म्हणजे माझ्या नावाचा थ्रेड, 'तिप्पा'ला हाक मारणार. झोपलेला तिप्पा उठून नर्सच्या टेबलावर घंटा वाजवणार.

गेल्या महिन्यात एकदा ती वाजलीच नाही. बसवलिंगप्पा नावाचे आजोबा गेले.

"चूक तिप्पेस्वामींची, असं लिहून टाका," आमचे साहेब गुरुप्रसाद म्हणाले. "गेलेला माणूस काय भांडायला येतोय?"

येतोय ना! प्रोग्रॅम हजारदा चालवला की एकदा तरी तिप्पा अडकतो. त्याचा डोळा लागायच्या आतच माझी हाक येऊन जाते. हाक काही साठून राहत नाही. मग तो झोपतो तो झोपतोच. म्हणून सरांच्या प्रोग्रॅममध्ये 'वसुधा' हाकेआधी एक खूण लिहून ठेवायची, आणि तिप्पा झोपण्यापूर्वी ती तपासायचा. मी मेली अतिशहाणी! हाक मारतोय ना, मग खूण कशाला, म्हणून मी ते पुसून टाकलं. सर तेव्हा अंथरुणाला खिळले होते. त्यांना विचारलंसुद्धा नाही.

दुपारच्या बैठकीला आजोबांची मुलगी हेमावती आली. आरडाओरडा नाही, काही नाही.

"शेजारच्या खाटेवरचे सांगतात, अप्पांनी एकदाच बटण दाबलं. बटणावर दिवा लागला, तर म्हणाले, कळलंय त्यांना, येतील आता. आणि गप्प पडून राहिले."

तो दिवा माझाच थ्रेड लावतो.

गुरुप्रसाद खाकरले. "त्याचं असं आहे, आमचे एक जुने इंजिनियर होते..."

"सरांचं नाव घेऊ नका!" मी एवढ्या जोरात ओरडले की शिपाईसुद्धा आत डोकावला. "त्यांनी नीट लिहिलं होतं. मी पुसलं, अक्का. हाक पोहोचलीच नाही."

हेमावती माझ्याकडे वळली.

"मग दिवा तरी कशाला लावलास गं?"